वादळाचा बोलपट आणि त्याचे प्राश्निक

समुद्र आणि सोलापूर यांचा संबंध विचाराल तर तो मिठापुरताच. नळाला पाणी किती दिवसांआड येणार, हा ज्या गांवीं वर्षानुवर्षें चर्चेचा विषय, त्या गांवच्या नव्या पेठेंत बसून आम्हीं खवळलेल्या महासागरावरच्या चित्रपटाविषयीं लिहावें, याचें वाचकांस नवल वाटेल. त्यांत आमच्या स्वयंपाकघरांत मासळीचा प्रवेश कधीं झालेला नाहीं. परंतु ज्या गोष्टीचा आपल्याला गंध नाहीं तिच्याविषयीं ठाम मत देणें हा प्रेक्षकमात्राचा हक्कच आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषयहि तोच : प्रेक्षकांचीं मतें.

चित्रपट इंग्रजी, नांव 'द परफेक्ट स्टॉर्म'. वोल्फगांग पीटरसन यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००० सालीं प्रदर्शित झाला. आमच्या घरीं तो मे महिन्याच्या सुटींत, मुलेंनातवंडें जमलीं असतां, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहण्यांत आला. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं मूळची हकीकत थोडक्यांत देतों. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स राज्यांत ग्लॉस्टर नांवाचें कोळ्यांचें जुनें बंदर आहे. तेथून १९९१ च्या सप्टेंबरांत 'अँड्रिया गेल' नांवाची मासेमारीची बोट तांडेल बिली टाइन व पांच खलाशी यांना घेऊन खोल समुद्रांत गेली. ज्याला तलवारीसारखी लांब चोंच असते तो मासा पकडणें हा त्यांचा धंदा. परतीच्या वाटेवर ऑक्टोबरच्या अखेरीस तिला प्रचंड वादळानें गांठलें. २८ ऑक्टोबरला बिनतारी यंत्रावर तिचें शेवटचें बोलणें ऐकूं आलें. त्यानंतर बोट नाहीं, माणसें नाहींत, एकहि प्रेत नाहीं. तेलाचीं पिंपें आणि असेंच कांहीं किरकोळ सामान तेवढें पुढें एका बेटाच्या किनाऱ्याला लागलें. सेबॅस्टियन युंगर यांनीं १९९७ सालीं या घटनेवर पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या आधारें हा चित्रपट निघाला.

पाहणें संपल्यावर बैठकींत जीं मतें निघालीं तीं ऐकण्यासारखीं होतीं. नातवाला लाटा आवडल्या. डोंगराएवढी ती शेवटची लाट आणि तिच्यावर चढूं पाहणारी ती चिमुकली बोट हें दृश्य त्यानें तीनदां मागें नेऊन पाहिलें. धाकटे चिरंजीव अभियंते. त्यांनीं सांगितलें कीं, यांतला बराचसा समुद्र म्हणजे स्टुडिओंतला हौद आणि संगणकानें काढलेलें पाणी. त्यामुळें खरें पाणी कोठें संपतें आणि खोटें कोठें लागतें, इकडेच त्यांचें सर्व लक्ष. थोरल्या सूनबाईंना धक्क्यावर वाट पाहणाऱ्या बायकांचा भाग फार तोकडा वाटला. शेजारचे वकीलसाहेब आले होते, त्यांचें मत खणखणीत : "पुढें वादळ आहे हें ठाऊक असतां जे पैशासाठीं जाणूनबुजून त्यांत शिरले, त्यांच्याबद्दल हळहळावयाचें तरी किती?" आणि इतका वेळ वाती वळीत बसलेल्या आमच्या कुटुंबानें एवढेंच विचारलें, "सगळेच बुडाले ना? मग त्यांचें शेवटचें बोलणें ऐकलें कोणी?"

भरतमुनींनीं हा प्रकार फार पूर्वीं ओळखला होता. नाट्यशास्त्रांत प्रयोगाच्या सिद्धीविषयीं जो अध्याय आहे त्यांत ते सांगतात कीं, तरुण शृंगारानें रमतात, शूर पुरुष बीभत्स-रौद्रांत व युद्धांत रमतात, वृद्ध धर्मकथांत व पुराणांत, आणि मुलें हास्यांत व वेषभूषेंत. (नातवानें लाटा उचलल्या हें शास्त्राला धरूनच झालें.) परंतु मुनि येथेंच थांबत नाहींत. प्रयोगाविषयीं वाद उपस्थित झाल्यास निवाड्यासाठीं ते 'प्राश्निक' नेमावयास सांगतात, आणि तेहि ज्या त्या विषयाचे निराळे : यज्ञाचा प्रसंग असेल तर याज्ञिक, वृत्तांसाठीं छंदःशास्त्र जाणणारा, अंगसौष्ठवासाठीं धनुर्धारी, नेपथ्यासाठीं चित्रकार. या न्यायानें कोळ्यांच्या चित्रपटाचा प्राश्निक कोण? नव्या पेठेंतले वकील नव्हेत, आणि आम्हीहि नव्हे. ज्यानें सुकाणूं हातीं धरलें आहे तोच.

सुदैवानें या चित्रपटाला असा प्राश्निक लाभला. लिंडा ग्रीनलॉ या बाई 'हॅना बोडेन' नांवाच्या बोटीच्या तांडेल. 'अँड्रिया गेल'प्रमाणेंच त्याहि त्या वेळीं समुद्रावर होत्या, आणि चित्रपटांत त्यांचें पात्रहि आहे. पुढें त्या स्वतः लेखिका म्हणून प्रसिद्धीस आल्या. आतां चित्रपटांत काय दाखविलें आहे तें पाहा. बोटीवरचें बर्फाचें यंत्र बिघडतें, पकडलेली मासळी नासण्याची भीति उत्पन्न होते, आणि वादळाची पूर्ण कल्पना असतां तांडेल व खलाशी एकमतानें त्यांतून वाट काढण्याचा निश्चय करतात. ग्रीनलॉबाईंचा आक्षेप नेमका या जागीं आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, जाणूनबुजून संकटांत उडी घेण्याचा असा निश्चय कांहीं झाला नाहीं. बोट घराची वाट धरून तीन दिवस चालत होती तेव्हां वादळानें तिला गांठलें. आणि जें झालें तें फार झपाट्यानें झालें.

म्हणजे आमच्या वकीलसाहेबांनीं ज्या पुराव्यावर सहा माणसांना दोषी ठरविलें, तो पुरावा पटकथाकाराच्या लेखणींतून उतरला होता. युंगर यांच्या पुस्तकांत या बाबतींत पुष्कळ संयम आहे. बोटीवर काय घडलें असेल हें सांगतांना ते इतर वादळांतून वांचलेल्यांच्या हकीकतींचा आधार घेतात, बुडालेल्यांच्या तोंडीं मनचे संवाद घालीत नाहींत. पडद्याला हा संयम परवडला नाहीं. जॉर्ज क्लूनीसारखा नट घेतल्यावर त्याला घटकाभर मुका कसा ठेवणार? मृतांपैकीं दोघांच्या कुटुंबियांनीं फ्लॉरिडांत दावा लावला : आमच्या माणसांचीं खरीं नांवें आमच्या संमतीवांचून वापरलीं आणि त्यांचें चित्र खोटें रंगविलें. पण दुसऱ्याचें नांव परवानगीशिवाय व्यापारासाठीं वापरण्यास मनाई करणारा तेथील कायदा चित्रपटाला लागू पडत नाहीं, असा निर्णय त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं दिला, आणि दावा फसला.

कायद्याच्या दृष्टीनें तें ठीकच असेल. साहित्यशास्त्राच्या दृष्टीनें मात्र त्या कुटुंबियांची बाजू आम्हांस बळकट दिसते. भट्टनायकानें ज्याला साधारणीकरण म्हटलें आणि अभिनवगुप्तानें ज्याचा विस्तार केला, तें तत्त्व असें कीं, रंगभूमीवरचा शोक अमक्या देशांतल्या तमक्या माणसाचा राहत नाहीं, तो सर्वांचा होतो. म्हणूनच तो आस्वाद्य होतो, रस होतो. अभिनवगुप्तानें सात रसविघ्नें सांगितलीं आहेत. त्यांतलें एक विघ्न म्हणजे प्रेक्षकानें स्वतःच्याच सुखदुःखांत बुडून जाणें. आम्हां सोलापूरकरांना टाइन हा साधारणीकृत तांडेल आहे. आम्ही भयानकाचा आस्वाद घेतों, चहा पितों आणि निजतों. ग्लॉस्टरच्या घरांत तोच मनुष्य कोणाचा बाप, कोणाचा भाऊ. तेथें रस कोठला? तेथें नुसता शोक, आणि वर तो अविचारी होता हा जगभर पसरलेला प्रवाद. नांवें बदललीं असतीं तर आमचें काय कमी झालें असतें? एक लाटहि लहान झाली नसती.

या संबंधांत एका देशी चित्रपटाची आठवण होते. आमच्या शहराच्या पूर्व भागांत विणकामाच्या धंद्यानिमित्त आलेल्या पद्मशाली मंडळींची मोठी वस्ती आहे. तेलुगू चित्रपट त्यांच्या घरोघर पाहिले जातात. २०२५ च्या फेब्रुवारींत निघालेला 'तंडेल' हा असाच एक. नांव ऐकतांच आमचे कान टवकारले, कारण हा शब्द तर आपला तांडेल! श्रीकाकुळम जिल्ह्यांतले कोळी पोटासाठीं थेट गुजराथच्या बोटींवर जातात. त्यांतले कांहीं २०१८ सालीं पाकिस्तानच्या हातीं सांपडले आणि २०२० च्या जानेवारींत सुटून आले, त्या घटनेवर हें कथानक रचलें आहे. गाणीं आणि प्रेमप्रकरण त्यांत पुरेसें आहे. परंतु एक फरक लक्षांत घ्यावा. हे लोक परत आले. त्यांच्या नांवावर भलतें कांहीं खपविलें तर "तें तसें नव्हतें" असें म्हणावयास ते जिवंत आहेत. 'अँड्रिया गेल'वरच्या सहांना ती सोय नाहीं.

आमच्या मराठी पडद्यावर कोळी येतो तो बहुधा गाण्यापुरता. टोपी, रुमाल आणि वल्ह्यांची लय संपली कीं तो गेला. त्याचें बुडणें आपण वर्तमानपत्रांत वाचतों, आणि वाचतांना वकीलसाहेबांचेंच मत देतों : इशारा होता, तर गेले कशाला? या प्रश्नाचें उत्तर कोंकणांतल्या कोणत्याहि बंदरावर मिळेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पुढें नारळी पौर्णिमा होऊन हंगाम भरांत येतो तेव्हां डिझेल, बर्फ, जाळीं आणि खलाशांची उचल यांत मालकाचा पैसा अगोदरच गुंतलेला असतो, आणि खलाशांचा हिस्सा तर मासळी उतरल्याखेरीज ठरत नाहीं. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो तो किनाऱ्यावर असलेल्यांना दिसतो. जो चार दिवसांपूर्वींच खोल पाण्यांत गेला, त्याला बावटा काय कामाचा? 'फयान' चक्रीवादळ २००९ सालीं ११ नोव्हेंबरला अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आलें, तें अशा ऐन हंगामांत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या कित्येक नौका त्या वेळीं बाहेर होत्या. त्यांतल्या कांहीं परतल्याच नाहींत.

आणि समुद्राचेंच कशाला? आमच्याच जिल्ह्यांत, करमाळा तालुक्यांतील कुगांवहून उजनीच्या पाण्यांतून कळाशीकडे निघालेली होडी २१ मे २०२४ रोजीं एकाएकीं सुटलेल्या वाऱ्यानें उलटली. सातांपैकीं एक पोहून कांठाला लागला, सहा गेले. तेथें निदान एक साक्षी उरला, आणि दोन-तीन दिवसांत देहहि हातीं आले.

देह हातीं न येणें ही गोष्ट किती मोठी आहे, याचा विचार चित्रपट पाहणारा करीत नाहीं. पडद्यावर लाट येते, बोट जाते, मागाहून चर्चमध्यें स्मरणसभा होते, दिवे लागतात. प्रत्यक्षांत सरकारी कागदांवर मनुष्य 'बेपत्ता' म्हणून राहतो. १८७२ च्या पुरावा अधिनियमानें सात वर्षें ज्याची वार्ता नाहीं त्याला मृत समजण्याची मुभा दिली; तीच तरतूद २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमांत कायम आहे. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं हा काळ बारा वर्षांचा धरला, आणि मग पळसाच्या ३६० पानांचा पुतळा करून त्याचें दहन करावयास सांगितलें. पालाशविधि म्हणतात तो हाच. विद्यार्थिदशेंत निबंधग्रंथांतला हा भाग वाचतांना आम्हांस तो केवळ कर्मकांड वाटला होता. परंतु ज्याला अग्नि द्यावयास कांहींच सांपडलें नाहीं त्याच्या घरच्यांना मोजावयास तीनशें साठ पानें तरी द्यावीं, हें ज्या कोणाला सुचलें त्यानें अशीं घरें पाहिलीं असलीं पाहिजेत. तीं बारा वर्षें त्या बाईनें कुंकू लावावें कीं न लावावें? थोरल्या सूनबाईंना जो भाग तोकडा वाटला तो हा. तो दाखवावयास हौद लागत नाहीं, संगणक लागत नाहीं. नट मात्र चांगला लागतो.

कोणी मराठी निर्माता अशा विषयाला हात घालणार असेल तर आमचें सांगणें एवढेंच : बुडालेल्यांचीं नांवें बदलावीं, आणि पहिला खेळ मुंबईंत न करतां हर्णै किंवा देवगड येथें करावा. तेथले प्राश्निक काय म्हणतात तें ऐकून मग कात्री चालवावी. कथानकहि देवगडांतच आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर 'ओखी' चक्रीवादळानें केरळ-तामिळनाडूच्या कोळ्यांची दाणादाण उडविली, पुष्कळजण गेले. परंतु डिसेंबरच्या आरंभीं केरळच्या ६६ आणि तामिळनाडूच्या २ अशा ६८ बोटी वादळांतून वांचून देवगड बंदराच्या आश्रयाला आल्या. त्यांवर ९५२ माणसें होतीं. भाषा निराळी, मुलूख निराळा, घर शेंकडों मैल दूर. त्यांतल्या प्रत्येकाला बाहेर काय घडलें तें ठाऊक आहे, आणि त्यांतल्या कोणाच्याहि तोंडीं कल्पित वाक्य घालण्याची गरज नाहीं. आमच्या कुटुंबाला हा चित्रपट पाहावयास आवडेल, असें त्यांनीं सांगितलें आहे. नातवाचें म्हणणें : त्यांत लाटा असतील का?