रिकामा हौदा, ओला रस्ता

१९८५ साली पाच ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, तेव्हा इथे मिठागरं, भातखाचरं आणि उत्तनकडचे कोळीवाडे जास्त आणि इमारती कमी होत्या. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाख भरली, २००१ मध्ये पाच लाख वीस हजार, २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. मधल्या काळात, फेब्रुवारी २००२ मध्ये, नगरपालिकेची महापालिका झाली. वीस वर्षांत इतकी माणसं राहायला आली, म्हणजे तेवढ्या घरांच्या लाद्या, प्लायवूड, नळ, पाण्याच्या टाक्या, कपाटं आणि पुढे रोजचा किराणा इथे येऊन पडला. मोठे ट्रक महामार्गावर आणि भिवंडीच्या गोदामांत थांबत. तिथून घोडबंदर रस्त्याने, गायमुख चढून, काजूपाड्याचा उतार उतरून, फाउंटनपाशी वळून काशिमीऱ्यात आणि मग शांतीनगरच्या सेक्टरांत किंवा हाटकेशच्या गाळ्यांत माल पोचवला तो पिकअपनी.

या पिकअपच्या मागच्या एक्सलबद्दल नाक्यावर आणि गॅरेजांत इतकी वर्षं एक वाक्य ऐकू येतं: गाडीला लिमिटेड स्लिप असती तर पावसात घसरली नसती. हे वाक्य अर्धं खरं आहे. त्याचं उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही, आणि पावसाळ्यात जीव जातात ते त्या अर्ध्यामुळे. म्हणून इतक्या वर्षांचा हा हिशेब मांडावासा वाटला.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर त्यातलं एक फरफटत जाणार. पेक्युर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्यावर उपाय काढला, आणि तोच डिफरन्शियल आजही क्राऊन-पिनियनच्या हौसिंगमध्ये फिरतो आहे. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हा त्याचा गुण. दोघांना नेहमी सारखाच पीळ देणं हा त्याच गुणाचा दोष. एक चाक चिखलात असेल आणि ५० न्यूटन-मीटरवरच घसरायला लागत असेल, तर पक्क्या डांबरावर उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकालाही ५०च मिळतात. इंजिन दोनशेचं असो की चारशेचं, गाडी शंभरावर अडते.

लिमिटेड स्लिपमध्ये याच गिअरांच्या दोन बाजूंना क्लच प्लेटांचे संच बसवतात. एक चाक पळायला लागलं की प्लेटा एकमेकींवर घासतात आणि पळणाऱ्या चाकाकडची थोडी ताकद थांबलेल्या चाकाकडे वळते. रचना दोनास एक अशी असेल तर चिखलातल्या चाकाला ५० आणि डांबरावरच्या चाकाला १०० मिळतात. शंभराचे दीडशे होतात आणि बहुतेक वेळा तेवढ्याने गाडी निघते. अमेरिकेत पॅकार्डने १९५६ मध्ये हे मोटारीत आणलं, शेव्हरोलेने लगेच पाठोपाठ. शेतावरच्या, बर्फातल्या पिकअपना त्याचा उपयोग होता, म्हणून तिकडे ते रुजलं. १९७३ पासून जनरल मोटर्सच्या ट्रकना ईटनचं असं डिफरन्शियल मिळू लागलं, जे एक चाक फार पळालं की मागचा एक्सल पूर्ण बांधून टाकतं.

आपल्याकडे टेल्कोची टाटामोबाइल १९८८ मध्ये आली आणि त्याच घराण्यातली २०७ पुढची पंचवीसेक वर्षं मालवाहतुकीचा कणा होऊन राहिली. सोबत महिंद्राच्या जीपवंशातल्या पिकअप होत्या, नंतर बोलेरो आली. भाड्याच्या धंद्यात चालणाऱ्या या दोन-चाकी ओढीच्या गाड्यांत डिफरन्शियल साधंच असायचं. कारण उघड आहे. क्लच प्लेटा महाग, त्या झिजतात, त्यांना घर्षण सांभाळणारा वेगळा पदार्थ मिसळलेलं तेल लागतं, आणि रस्त्याकडेच्या मेकॅनिकने नेहमीचं गिअर ऑइल भरलं की प्लेटा वळणावर खडखडायला लागतात. दिवसाच्या भाड्यावर हप्ता फेडणाऱ्याने तो खर्च का करावा?

नव्वदीतल्या मीरा रोडमध्ये त्याला उपाय होते. इमारतीपर्यंतचा शेवटचा पट्टा भरावाचा, म्हणजे खाली खाडीचा गाळ आणि वर मुरूम. जून लागला की मागचं एक चाक त्यात बसायचं आणि जागेवर फिरत राहायचं. मग विटा, गोणपाट, फळी, आणि मागून चारजण. जाणता ड्रायव्हर आणखी एक करायचा: हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हळूच क्लच सोडायचा. मागचे ड्रम थोडे आवळले की पळणाऱ्या चाकाला विरोध मिळतो, आणि साधा डिफरन्शियल तेवढाच पीळ दुसऱ्या चाकाला द्यायला बांधलेला असतो. हाताने केलेलं हे लिमिटेड स्लिपच. जुन्या विलीस घडणीच्या जीपमध्ये मात्र ही युक्ती चालायची नाही, कारण तिथे हँडब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर असे. डिफरन्शियलच्या आधीच लावलेला ब्रेक दोन चाकांत फरक कसा करणार! ज्यांनी दोन्ही गाड्या चालवल्या त्यांना हे सूत्र न शिकता कळलेलं होतं, आणि त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

रुतलेली गाडी काढण्यापुरतं लिमिटेड स्लिपचं श्रेय खरं आहे. प्रश्न धावत्या गाडीचा आहे.

भरलेली पिकअप पाहा. सव्वा-दीड टन माल बहुतांशी मागच्या एक्सलवर बसलेला, पाटे दबलेले, टायर रस्त्याला चिकटलेले. अशी गाडी ओल्या चढावर लिमिटेड स्लिपने नक्कीच सरळ आणि निर्धास्त चढेल. आता तीच गाडी माल उतरवून परत निघालेली पाहा. इंजिन, केबिन, माणसं सगळं पुढे. मागे नुसता पत्र्याचा हौदा. दीड टनासाठी घडवलेले पाटे रिकाम्या वजनाला दबतच नाहीत. खड्ड्यावर मागचा एक्सल उडतो, आणि मालासाठी भरलेली जास्तीची हवा टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आणखी लहान करते. कोरड्या डांबराची पकड ओलं झाल्यावर ढोबळ मानाने दोन-तृतीयांशावर येते. जूनच्या पहिल्या सरीत, आठ महिन्यांची धूळ आणि सांडलेलं डिझेल वर तरंगतं तेव्हा, ती आणखी खाली जाते. उत्तनहून मासळीचे टेम्पो जातात त्या रस्त्यावर बर्फाचं आणि मासळीचं पाणी सांडलेलं असतं, ते वेगळंच.

टायरची पकड एकच असते. पुढे ढकलण्यात ती खर्च झाली की आडवं सरकणं थोपवायला उरत नाही. जागेवर फिरणाऱ्या चाकात तर आडवी पकड जवळजवळ राहतच नाही. साध्या डिफरन्शियलच्या रिकाम्या पिकअपने ओल्या वळणावर जास्त रेस दिली की वजन कमी असलेलं आतलं चाक पळतं. ताकद वाया जाते, गाडी पुढे जोर धरत नाही, ड्रायव्हर चिडतो. पण बाहेरचं चाक फुकट गेलेलं नसतं. ते आडवं धरून असतं, म्हणून मागचा भाग रस्त्यावर राहतो. लिमिटेड स्लिप असेल तर प्लेटा इमानदारीने बाहेरच्या चाकाला जास्त पीळ देतात, एका मर्यादेनंतर तेही सुटतं, आणि आता दोन्ही चाकं फिरत असतात. मागे धरून ठेवणारं काही उरत नाही. हौदा बाहेर फेकला जातो, स्टिअरिंग उलटं फिरवायला क्षण-दीड क्षण मिळतो, आणि घोडबंदर रस्त्यावर समोरून कंटेनर येत असतो.

म्हणजे घसरलेल्या पिकअपकडे पाहून आपण ज्या भागाची उणीव काढतो, तो असता तर कित्येकदा गाडी आणखी वाईट रीतीने घसरली असती. या भागाने पकड निर्माण होत नाही. असलेली पकड तो दोन चाकांत वाटतो, आणि रिकाम्या हौद्याखाली वाटायला असतं फार थोडं.

गायमुखच्या उतारावर आणखी एक गोष्ट घडते. ब्रेक तापू नयेत म्हणून खालच्या गिअरात उतरण्याची चांगली सवय आपल्या ड्रायव्हरांना आहे. पण इंजिनाची ती ओढ फक्त मागच्या चाकांवर येते. गाडी रिकामी, रस्ता ओला आणि गिअर एकदम खालचा टाकला, तर मागची चाकं ब्रेक न दाबताच सरकतात. त्यावर इलाज म्हणजे उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून गिअर टाकायचा आणि क्लच सावकाश सोडायचा. यातही डिफरन्शियल मदतीला येत नाही. ब्रेक दाबावाच लागला तर मात्र दुसरा एक भाग कामी येतो. मागच्या ब्रेकचा दाब वजनाप्रमाणे कमी-जास्त करणारा एक झडपेचा भाग चॅसिस आणि एक्सल यांच्या मधे असतो. हौदा रिकामा असताना मागची चाकं लॉक होऊ नयेत, हे त्याचं काम. तो गंजला, अडकला किंवा कुणी तारेने बांधून ठेवला तरी गाडी चालतच राहते, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. माझ्या मते, जितका वेळ लिमिटेड स्लिपच्या चर्चेत गेला त्यातला थोडा या झडपेला मिळायला हवा होता.

२००५ हे साल दोन कारणांनी लक्षात राहतं. मे महिन्यात टाटा एस आली, जिला सगळ्या महाराष्ट्राने छोटा हत्ती म्हटलं, आणि गल्लीबोळातला माल तिच्याकडे गेला. मोठ्या पिकअपना लांबचे, जास्त वेगाचे मार्ग उरले. आणि २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर पाण्यातून गाडी काढणं ही या पट्ट्यातल्या ड्रायव्हरची जणू पात्रताच ठरली. याच दशकांत इंजिनं बदलली. जुनी डिझेलं हळूहळू ताकद द्यायची, ओल्या रस्त्यावर ते वरदानच होतं. कॉमन रेल टर्बो आले आणि बोलेरो पिकअपच्या वर्गात दोनशेच्या आसपास न्यूटन-मीटर, तेही कमी फेऱ्यांवर, पायाखाली आले. पहिल्या गिअरमध्ये ते कित्येक पटींनी वाढून चाकावर उतरतात. रिकाम्या गाडीत ओल्या सिग्नलवर चाक पळवायला आता जोर लावावा लागत नाही, पाय जरा जड पडला तरी पुरे.

रस्तेही बदलत गेले. खड्ड्यात बसवलेले पेव्हर ब्लॉक, झेब्राचे रंगवलेले पट्टे, पुलांचे लोखंडी सांधे, आणि २०१९ नंतर दहिसर–मीरा-भाईंदर मेट्रोच्या कामात रस्त्यावर टाकलेल्या पोलादी पट्ट्या. चार मीटरच्या अंतरात चार तऱ्हेची पकड. एक चाक पट्टीवर आणि दुसरं डांबरावर असताना लिमिटेड स्लिप निघायला मदत करतं, पण दोन्हीकडचा पीळ वेगळा झाल्याने गाडी किंचित एका बाजूला ओढतंही. हलक्या मागच्या भागाला तेवढं निमित्त पुरतं.

इकडे हा भाग मिळू लागला तो मालाच्या गाड्यांत नव्हे, हौशी गाड्यांत. २०१२ च्या सफारी स्टॉर्मच्या फोर बाय फोरमध्ये लिमिटेड स्लिप होतं. २०१५ मध्ये थारला मागे ईटनचं आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल मिळालं. २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली. हायलक्सच्या माहितीपत्रकात ऑटो लिमिटेड स्लिप असं लिहिलेलं असतं, पण तिथे प्लेटा नाहीत. चाकांचे सेन्सर पळणारं चाक ओळखतात आणि संगणक फक्त त्या चाकाचा ब्रेक दाबतो. मीरा रोडच्या भरावात हँडब्रेक ओढणारा ड्रायव्हर जे करायचा तेच, फक्त एका चाकापुरतं आणि सेकंदाच्या लहानशा भागात. शिवाय गाडी आडवी जाऊ लागली की स्थिरता राखणारी यंत्रणा इंजिनाची ताकदही कापते. ओल्या रस्त्यासाठी खरी मोलाची गोष्ट ही ताकद कापणं आहे, आणि प्लेटांच्या डब्याला ती कधीच येत नव्हती.

मार्च २०२३ मध्ये वर्सोव्याच्या नव्या पुलाचा पहिला भाग सुरू झाला, नंतर दहिसरपासून तलासरीपर्यंत महामार्गावर काँक्रीटचा थर चढला. काँक्रीटवर खड्डे कमी, आणि म्हणूनच वेग जास्त. जिथे पूर्वी चाळीसने जाणं भाग होतं तिथे आता रिकामी पिकअप पावसात ऐंशीने जाते. पाण्यावर टायर तरंगण्याचा वेग मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतो. नासाच्या हॉर्न यांनी साठच्या दशकात मांडलेल्या सूत्राने ३६ पौंड हवेला तो ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास येतो. पण पाणी नक्षीपेक्षा खोल असेल तेव्हाचं हे गणित आहे. गोटा झालेला टायर थोड्याशा पाण्यावरही रस्ता सोडतो. नक्षीतल्या झीज दाखवणाऱ्या खुणा १.६ मिलिमीटरवर असतात. धंद्याच्या गाड्यांत नवे टायर पुढे आणि झिजलेले किंवा रबर चढवलेले मागे टाकण्याची रीत आहे, कारण पुढचा फुटला तर स्टिअरिंग जातं ही भीती असते. पावसाळ्यापुरती ही रीत उलटी करावी, असं मी ठामपणे म्हणेन. रिकाम्या पिकअपचा जो टोकाचा भाग आधी सुटतो, चांगले टायर तिथे हवेत.

आता विजेचे छोटे हत्ती शहरात फिरू लागले आहेत. टाटा एस ईव्ही २०२२ मध्ये जाहीर झाली. तिची १३० न्यूटन-मीटर ताकद गाडी उभी असतानाच पूर्ण हाताशी असते, आणि ओढ मागच्याच चाकांना. मात्र मोटरची ताकद डिझेलपेक्षा कितीतरी लवकर कमी करता येते, त्यासाठी ना प्लेटा लागतात ना वेगळं तेल. अशी गाडी घ्यायला जाणाऱ्याने शोरूममध्ये हौद्याची लांबी आणि रेंज विचारून झाल्यावर, चाक घसरलं की कंट्रोलर मोटर कापतो का आणि मागच्या दोन्ही चाकांचा वेग वेगवेगळा मोजतो का, हेही विचारून घ्यावं.