कृती जुनी होते तेव्हा

संगणकाचे बटण दाबले की काही क्षणांनी पडद्यावर अक्षरे उमटतात. मधल्या वेळात काय घडते, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. प्रोसेसर जागा होतो तेव्हा स्मृती किती जोडलेली आहे, डिस्क कोणती आहे, अक्षरे कोणत्या वाटेने बाहेर पाठवायची, यातले त्याला काहीच ठाऊक नसते. पहिली सूचना कोणत्या पत्त्यावरून वाचायची, एवढेच त्याच्या रचनेत ठरलेले असते. त्या पत्त्यावर ठेवलेल्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. ती स्मृती वापरण्याजोगी करते, घड्याळाच्या ठोक्यांचा वेग ठरवते आणि मग लिनक्ससारखी मोठी प्रणाली उचलून तिच्या हाती कारभार सोपवते. घरातल्या राउटरमध्येही असेच घडते.

काही फर्मवेअर मुक्त स्रोत असते, म्हणजे त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि वाटता येतो. 'यू-बूट' हे त्याचे एक नावाजलेले उदाहरण. जर्मनीतील वोल्फगांग डेंक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प २००२ पासून या नावाने ओळखला जातो. जर्मन भाषेत पाणबुडीला हाच शब्द आहे, तेव्हा नावात थोडी गंमतही आहे. अनेक राउटर आणि छोट्या संगणक-पट्ट्या आज यू-बूटवर सुरू होतात.

मात्र मूळ मजकूर हाती आला म्हणजे फर्मवेअर हाती आले असे होत नाही. माणसाला वाचता येणाऱ्या त्या मजकुराचे प्रोसेसरला समजणाऱ्या अंकांत रूपांतर करावे लागते. याला बांधणी म्हणू. बांधणी कशी करायची हे सांगणारी कृती प्रकल्पासोबत लिहिलेली असते. ही कृती जुनी झाली तर काय होते आणि ती पुन्हा ताजी कशी करायची, हे या लेखात पाहू. प्रयोगवहीत 'साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान' लिहून घेणाऱ्या शिक्षकांना हा विषय परका वाटू नये.

यंत्राशिवाय यंत्र

खऱ्या पट्टीवर चुकीचे फर्मवेअर चढवले तर ती सुरूच होत नाही. मग वेगळे उपकरण जोडून तिची चिप पुन्हा लिहावी लागते. ते नसेल तर पट्टी निकामी. नवशिक्याला आणि शाळेला हा धोका परवडणारा नसतो. यावर उपाय म्हणजे आभासी यंत्र.

'क्यूएमू' ही अशी यंत्रे निर्माण करणारी आज्ञावली फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. साध्या लॅपटॉपवर ती आर्म किंवा रिस्क-फाइव्ह जातीच्या प्रोसेसरची नक्कल करते. तिच्यात 'व्हर्ट' नावाचे एक यंत्र आहे. त्याच्यासारखी पट्टी बाजारात कुठेही मिळत नाही. आभासी कामासाठीच त्याची रचना केलेली आहे. त्यात फर्मवेअर म्हणजे एक फाइल. ती चुकली तर खिडकी बंद करायची, फाइल बदलायची आणि पुन्हा सुरू करायचे.

दुसरा लाभ असा की क्यूएमूची आवृत्ती तीच असेल तर जळगावच्या विद्यार्थ्यापुढचे यंत्र आणि बर्लिनच्या अभियंत्यापुढचे यंत्र सारखेच असते. एकाला आलेला अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा पडताळता येतो.

आर्मसाठीची कृती थोडक्यात अशी आहे. आपल्या लॅपटॉपवर चालून दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी अंक तयार करणारा क्रॉस-कंपायलर घ्यायचा. यू-बूटचा मूळ मजकूर उतरवायचा. 'मेक क्यूएमू_आर्म६४_डेफकॉन्फिग' ही आज्ञा, अर्थात रोमन लिपीत, देऊन यंत्र निवडायचे. मग पुन्हा 'मेक', या वेळी कंपायलरचे नाव जोडून. तयार झालेली फाइल क्यूएमूला दिली की काही ओळी उमटतात आणि शेवटी => ही खूण येते. फर्मवेअर आपल्या आज्ञेची वाट पाहत आहे, असा तिचा अर्थ.

कृती तीन वाटांनी जुनी होते

लिहिलेली कृती स्वतःहून बदलत नाही. तिच्याभोवतीचे सारे बदलत राहते.

पहिली वाट प्रकल्पाच्या आतली. २०१४ पर्यंत यू-बूटमधील सर्व पट्ट्यांची यादी एका मोठ्या फाइलीत होती. पट्टीमागे एक ओळ. त्या वर्षी प्रकल्पाने लिनक्समधली 'केकॉन्फिग' ही निवडपद्धत स्वीकारली. ती यादी गेली आणि नावाच्या शेवटी 'कॉन्फिग' असणाऱ्या आज्ञेऐवजी 'डेफकॉन्फिग' आले. जुनी आज्ञा देणाऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून तिला नव्या आज्ञेकडे वळवण्याची सोयही ठेवली गेली. सोय चांगली, पण तिच्यामुळे कृती जुनी झाल्याचे लगेच ध्यानात येत नाही. 'यादीत आपली ओळ घाला' या सूचनेपाशी वाचक पोचतो आणि यादीच नाही असे त्याला दिसते.

दुसरी वाट अवजारांची. २०२० मध्ये जीसीसी या कंपायलरची दहावी आवृत्ती आली. त्यापूर्वी सी भाषेत दोन फाइलींमध्ये एकाच नावाचा चल पदार्थ, प्रारंभीची किंमत न देता, घोषित केला असेल तर कंपायलर दोघांना गुपचूप एक मानत असे. दहाव्या आवृत्तीपासून हे डीफॉल्ट वागणे बदलले आणि अशी पुनरुक्ती चूक ठरू लागली. यंत्राच्या भागांचे वर्णन अंकांत बदलणारे 'डीटीसी' नावाचे छोटे अवजार यू-बूटच्या मजकुरातच असते. त्यात नेमकी अशी पुनरुक्ती होती. त्यामुळे आदल्या वर्षापर्यंत बिनतक्रार बांधला जाणारा मजकूर नव्या संगणकावर अडू लागला. मजकुराचे एक अक्षर बदलले नव्हते, कृतीचेही नाही. त्याच वर्षी १ जानेवारीला पायथन २ ची देखभाल थांबली आणि 'पायथन' एवढेच म्हणणाऱ्या जुन्या कृती अनेक नव्या लिनक्स संचांवर अडखळू लागल्या.

तिसरी वाट आभासी यंत्राची. रिस्क-फाइव्ह जातीच्या 'व्हर्ट' यंत्राला यू-बूटची फाइल 'कर्नल' या पर्यायाने द्या, असे जुनी कृती सांगत असे. २०२० च्या क्यूएमू ५.१ पासून 'बायोस' हा पर्याय दिला नाही तर क्यूएमू 'ओपनएसबीआय' नावाचे दुसरे फर्मवेअर आपणहून भरते. या यंत्रात स्मृती २ गिगाबाइटच्या पत्त्यापासून सुरू होते आणि ओपनएसबीआय तिथेच बसते. जुन्या पद्धतीने बांधलेले यू-बूटही तीच जागा मागते. रेल्वेत एकाच आसनाची दोन आरक्षणे निघावीत तसे होते, आणि दोन भाग एकमेकांवर येत आहेत असे सांगून क्यूएमू थांबते. आता अशा यू-बूटची फाइल 'बायोस' या पर्यायाने द्यावी लागते. यू-बूट ओपनएसबीआयच्या पाठोपाठ चालवायचे असेल तर त्याची बांधणीच वेगळी करावी लागते. म्हणजे इथे एका शब्दाची अदलाबदल पुरत नाही. कोणते फर्मवेअर कोणत्या क्रमाने चालते, हे चित्र समजून घ्यावे लागते.

दुरुस्तीची रीत

आजीने सांगितलेल्या भाजीच्या कृतीत 'मीठ चवीपुरते' असते. तिच्या हाताला अंदाज असतो, ऐकणाऱ्याच्या हाताला नसतो. अनुभवी अभियंत्याच्या संगणकावर वर्षानुवर्षे गोळा झालेली अवजारे असतात, आणि त्यांचा उल्लेख कृतीत करायला हवा हे त्याला आठवतही नाही. म्हणून दुरुस्तीची सुरुवात कोऱ्या संगणकापासून करावी. खरा नवा संगणक लागत नाही. नुकताच बसवलेला लिनक्सचा आभासी संच पुरतो.

मग कृती शब्दशः करावी. 'इथे हे गृहीत धरलेले असणार' असे म्हणून मनाने पायरी भरू नये. जिथे अडेल तिथे थांबून नोंद करावी. बांधणी बिघडली की पडद्यावर पुष्कळ ओळी येतात आणि नवशिका शेवटची वाचतो. ती बहुधा 'काम थांबले' एवढेच सांगते. कारण वर, पहिल्या चुकीपाशी असते.

यानंतरचा प्रश्न असा की हे कधीपासून चालेनासे झाले? यू-बूटमधील प्रत्येक बदल तारीख आणि कारणासह 'गिट' या नोंदवहीत टिकलेला असतो. चालणारी एक जुनी आवृत्ती आणि न चालणारी एक नवी आवृत्ती सापडली की मधली घ्यायची. ती चालली तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या अर्ध्यात. अशा अर्धवटणीने १००० बदलांतून दोषी बदल सुमारे १० चाचण्यांत सापडतो, कारण २ चा दहावा घात १०२४ आहे. घातांकाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे. कंपायलर किंवा क्यूएमूवर संशय असेल तर त्यांच्या आवृत्त्या बदलून हीच पद्धत वापरता येते.

कारण समजल्यावर लिहायला बसावे, आणि इथे प्रयोगवहीचा साचा कामी येतो. साहित्य: प्रत्येक अवजाराचे नाव आणि ज्या आवृत्तीवर पडताळले ती आवृत्ती. कृती: एका ओळीत एकच आज्ञा, आणि ती का द्यायची याचे एक वाक्य. निरीक्षण: यश आले तर पडद्यावर काय दिसेल. निरीक्षण नसलेल्या कृतीत वाचकाला आपण पोचलो की नाही हेच कळत नाही. अनुमानाच्या जागी कृती कोणत्या आवृत्तीला लागू आहे आणि कधी पडताळली हे लिहावे. जुनी कृती सरसकट पुसू नये. जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला तिचीच गरज असते.

एक मोह मात्र टाळावा. डीटीसीच्या अडचणीत कंपायलरला जुन्या रीतीने वागायला सांगणारा एक पर्याय आहे. तो दिला की चूक दिसेनाशी होते. आवृत्ती गोठलेली असेल तर तडजोड म्हणून तो चालेल, पण तसे स्पष्ट लिहावे. खरी दुरुस्ती म्हणजे जादा घोषणा काढणे, आणि ती मूळ मजकुरात झालीही.

यू-बूटची बरीच माहिती आता मूळ मजकुराच्या शेजारीच, त्याच नोंदवहीत राहते. त्यामुळे मजकूर बदलणाऱ्याला त्याच बदलात कृतीही सुधारता येते. शिवाय प्रकल्पाच्या चाचण्या क्यूएमूवर यू-बूट चालवून आपोआप घेतल्या जातात. मात्र यंत्र चाचणीच्या आज्ञा तपासते. माणसासाठी लिहिलेले वाक्य कळते का, हे वाचणाऱ्यानेच तपासायचे असते.

मर्यादाही लिहावी

आभासी यंत्रात स्मृती पहिल्या क्षणापासून तयार असते. खऱ्या पट्टीवर स्मृतीच्या चिपांशी वेळेचा मेळ बसवणे हे फर्मवेअरचे मोठे अवघड काम असते. विजेचा दाब, तापमान, सैल जोडणी यांचा क्यूएमूत पत्ता नसतो. म्हणून 'आभासी यंत्रावर चालले' या विधानातून 'पट्टीवर चालेल' असे अनुमान काढता येत नाही. चांगली कृती हे वाचकाला आधीच सांगते.

हे कशासाठी?

यू-बूट ज्या परवान्याखाली वाटले जाते, त्या १९९१ च्या जीपीएल परवान्याची दुसरी आवृत्ती सांगते की तयार फाइल वाटणाऱ्याने मूळ मजकुरासोबत बांधणी आणि बसवणी नियंत्रित करणाऱ्या स्क्रिप्टही उपलब्ध केल्या पाहिजेत. केवळ मजकूर पुरेसा नाही, हे तेव्हाही ओळखलेले होते. पण दहा वर्षांनी ती बांधणी जमेल अशी कृती ठेवा, असे परवाना सांगू शकत नाही. ते काम कोणाला तरी आपणहून करावे लागते.

ते झाले नाही तर नुकसान कोणाचे? ज्याच्या शेजारी जाणकार बसला आहे तो विचारून पुढे जातो. एखाद्या तालुक्याच्या गावी एकटीने शिकणारी मुलगी तिसऱ्या पायरीवर अडते आणि 'मलाच जमत नाही' असे समजून वही मिटते. दोष तिच्या बुद्धीचा नसून २०२० साली बदललेल्या एका पर्यायाचा आहे, हे तिला कोण सांगणार? राउटर बनवणाऱ्या कंपनीने त्याची देखभाल थांबवली तर त्यातली सुरक्षेची भोके बुजवण्याची आशाही बांधणी जमण्यावरच असते. दार उघडे आहे पण पायऱ्या ढासळल्या आहेत, अशा घरात फक्त उडी मारू शकणारेच जातात.

वर्गात करून पाहण्यासारखे

संगणक नसला तरी या विषयाचा गाभा वर्गात आणता येतो. आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकातला एखादा साधा प्रयोग करून त्याची कृती स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगावे. ती कागदावरची कृती सहावीच्या मुलांना द्यावी. लिहिणाऱ्यांनी शेजारी उभे राहायचे, पण बोलायचे नाही. वाचणारे जिथे थांबतील तिथे खूण करायची. मग कृती सुधारून दुसऱ्या गटाला द्यावी आणि खुणा किती कमी झाल्या ते मोजावे.

महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही यू-बूट आणि क्यूएमू सुचवतो. एक लॅपटॉप, इंटरनेट आणि एक दुपार एवढे साहित्य पुरते. कृती जुनी निघाली तर दुरुस्ती लिहून प्रकल्पाकडे पाठवावी. पाठवताना काय चालले नाही, का चालले नाही आणि कोणत्या आवृत्तीवर पडताळले, या तीन गोष्टी सांगाव्यात. प्रकल्पाचे जाणकार ती तपासतात, शंका विचारतात आणि पटली तर घेतात. एका ओळीची दुरुस्तीसुद्धा चालते. पुढच्या वेळी कोणीतरी तिसऱ्या पायरीवर न अडता चौथीवर जाईल, आणि अडचण होती हे त्याला कळणारही नाही.