बाळाचे तळहात सुजले की

अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर मी आशा म्हणून फिरते. बाळाचे हातपाय सुजले की म्हाताऱ्या म्हणतात, "वात असंल, शेक दे." मी आधी वय विचारते. पहिले काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं, म्हणून सिकलसेल हा रक्ताचा आजार दिसत नाही. सहा महिन्यांनंतर तळहात-तळपाय सुजतात, बाळ हात लावू देत नाही.

मोठ्या मुलांत डोळे पिवळट होतात, धाप लागते, ताप परत परत येतो. आणि दुखणं! हाडं, पाठ, छाती. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पावसात गारठणं, पाणी कमी पिणं यानं ते उसळतं. पोट डावीकडे अचानक फुगलं आणि पोर पांढरंफटक पडलं, तर मी घरच्यांशी वाद घालत बसत नाही. १०८ला फोन लावते. प्लीहेत रक्त साठलं तर जीव जातो.

"आमच्यात कुणाला नाही," हे ठरलेलं उत्तर. आईबाप दोघंही वाहक, दोघंही ठणठणीत, तरी दर गरोदरपणात चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची. सासू बोल लावते सुनेला. मी थेंब मागते नवऱ्याच्याही बोटातून. सोल्युबिलिटी चाचणीत संशय आला, तर पक्कं निदान एचपीएलसी तपासणीत होतं. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली. हायड्रॉक्सीयुरियानं दुखण्याचे झटके कमी होतात, पण ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, रक्त तपासत घ्यायची.