चौदा आणि अठ्ठावन्न

 एका वाचक बाईंचं पत्र आलंय आणि ते मागे ठेवायला मन होत नाही. चाळिशीच्या आहेत, काही महिन्यांपासून नैराश्यासाठी एसिटॅलोप्रॅम चालू आहे. रडू थांबलं, झोप लागते, कामावर जातात. 'पण नवऱ्याजवळ जावंसंच वाटत नाही, आणि गेले तरी शेवटपर्यंत काही होत नाही. हे वयामुळे का? डॉक्टरांना विचारायची लाज वाटते.'

बाई, वयावर ढकलू नका. नैराश्यातही इच्छा मरते, हे खरं. पण बाकी सगळं सुधारलं आणि एवढंच बिघडलं, तर पहिला संशय गोळीवर घ्यायचा. लाजेचं म्हणाल, तर तुम्ही एकट्या नाही. 1997 साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी 344 रुग्णांचा अभ्यास छापला. फ्लुओक्झेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन किंवा फ्लुवोक्सामिन, यांतली, म्हणजे तुमच्या गोळीच्याच जातीतली, कुठली तरी गोळी त्यांना चालू होती. या बाबतीत आपणहून तक्रार केली 14 टक्के लोकांनी. डॉक्टरांनी सरळ विचारलं, तेव्हा आकडा गेला 58 वर! माझ्या मते या विषयातलं निम्मं दुखणं या दोन आकड्यांच्या मधे आहे, आणि त्याचा दोष रुग्णाच्या लाजेइतकाच न विचारणाऱ्या डॉक्टरचाही आहे.

होतं काय, तर या गोळ्या मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढवतात. ते वाढलं की डोपामिन या दुसऱ्या रसायनाला लगाम बसतो, आणि इच्छा, उत्तेजना, परमोच्च क्षण हे सगळं मंदावतं. पुरुषांत वीर्यपतन लांबतं. लिली कंपनीच्या डॅपॉक्सेटिनची गंमत इथलीच. नैराश्यासाठी म्हणून ते तपासलं जात होतं, पण शरीरातून फार लवकर बाहेर पडायचं, त्यामुळे रोजच्या उपचाराला निरुपयोगी. मग शीघ्रपतनावर, संबंधाच्या एक ते तीन तास आधी घ्यायची गोळी म्हणून ते 2009 साली फिनलंड-स्वीडनमध्ये बाजारात आलं. आपल्याकडेही मिळतं. अमेरिकेने मात्र अजून परवानगी दिलेली नाही.

उलटी तऱ्हाही आहे. क्लोमिप्रामिन हे नैराश्यावरचं जुनं औषध एरवी परमोच्च क्षण लांबवण्यात पटाईत. पण 1983 साली कॅनडातल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात अशा काही रुग्णांची नोंद आली, ज्यांना ते घेताना नुसत्या जांभईने तो क्षण येई. त्यांतल्या एका बाईंनी, हे औषध अजून किती दिवस घेता येईल, अशी चौकशी केली होती. तुम्ही अशी आशा धरू नका, प्रकार फार दुर्मीळ आहे.

आता उपाय. माझ्याकडे येणारे एक काका कालनिर्णयवर रोजच्या गोळीची खूण करत. एकदा ते पानच घेऊन आले. शुक्रवार-शनिवारच्या चौकटी ओळीने कोऱ्या! मी काही बोलायच्या आत काकू खिडकीबाहेर बघायला लागल्या. शुक्रवार-शनिवारी गोळी बंद ठेवायची ही युक्ती अमेरिकेत 1995 साली खरोखर तपासली गेली होती. सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिनवर तिचा उपयोग झाला, फ्लुओक्झेटिनवर नाही, कारण ते अंगात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. काकांना नेमकं फ्लुओक्झेटिनच होतं. उपास घडला, फळ नाही. आणि पॅरोक्सेटिन असं मधेच सोडलं, तर चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. तेव्हा ही युक्ती घरच्या घरी नको.

मात्रा कमी करून पाहता येते. गोळी बदलता येते: बुप्रोपिऑनमध्ये हा त्रास बराच कमी, पण फिट येणाऱ्यांना ते चालत नाही. मिर्टाझापिनमध्येही कमी, पण भूक आणि वजन दोन्ही वाढतं. पुरुषांना सिल्डेनाफिलचा उपयोग होतो, मात्र हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी त्याला हातही लावायचा नाही. गोळी थांबली की बहुतेकांचा त्रास ओसरतो. काही थोड्यांचा नंतरही राहतो, आणि माहितीपत्रकात तसं लिहावं, असं युरोपच्या औषध नियामकांनी 2019 मध्ये सांगितलं.

बाई, तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर दोन ओळी लिहा: त्रास काय आहे, आणि तो गोळीच्या आधीपासून आहे की नंतर सुरू झाला. पुढच्या भेटीत बसल्या बसल्या तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. तोवर गोळी चुकवू नका.