डोळ्यांत पाणी, मनात प्रश्न

‘कसा वाटला?’ या साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर काही चित्रपटांच्या बाबतीत देताच येत नाही. ‘छान’ म्हणावं तर जीभ अडखळते. ‘नाही आवडला’ म्हणावं तर ते खरं नसतं. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ माझ्यासाठी असाच आहे.

२००४ साली महाराष्ट्रात घरोघरी ‘श्वास’चीच चर्चा होती. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं. त्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीत आला, तो ‘श्वास’मुळे. पुढे भारतातर्फे ऑस्करसाठीही त्याची निवड झाली. अमेरिकेतल्या प्रचाराचा खर्च भागावा म्हणून साध्यासुध्या माणसांनीही खिशात हात घातला. अशा चित्रपटाविषयी मनात किंतु आणणं म्हणजे जवळजवळ घरभेदीपणाच!

गोष्ट तशी एवढीशी. कोकणातले आजोबा आपल्या नातवाला, परशाला, डोळे दाखवायला शहरात घेऊन येतात. निदान होतं डोळ्यांच्या कर्करोगाचं. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागणार आणि त्यानंतर परशाला कधीच दिसणार नाही. मुलाला हे आधी सांगितलंच पाहिजे, असा डॉक्टर सान्यांचा आग्रह. सांगायचं कोणी आणि कसं? शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. दिसतंय तोवर त्याला जग दाखवून आणतात.

इथे मी मनसोक्त रडले, हे आधीच सांगते. अरुण नलावडे यांचे आजोबा मोठमोठे संवाद म्हणत नाहीत. त्यांच्या नुसत्या उभं राहण्यातूनही त्यांची घालमेल कळते. अश्विन चितळेचा परशा चिडतो, हट्ट करतो, म्हणूनच तो खरा वाटतो. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगाच नव्हे.

पण रुमाल घडी करून ठेवल्यावर विचार सुरू होतात. आजोबांचं ते धाडस आपण डोक्यावर घेतो. माझं लेकरू असतं तर? आजार पसरण्याची भीती, डॉक्टर खोळंबलेले आणि खाटेवर मूल नाही! सान्यांचा संताप मला अजिबात चुकीचा वाटला नाही. दोघांचंही बरोबर असणं, हेच तर या चित्रपटाचं दुखणं आहे आणि बळही. मात्र प्रेक्षागृहात बसलेले आपण सगळे झटकन आजोबांच्या बाजूला जाऊन बसतो, कारण अश्रू तिथेच येतात.

दुसरी टोचणी याहून खोल. शेवटी काळा चष्मा लावलेला परशा होडीतून गावी परततो. तिथे चित्रपट संपतो आणि परशाचा दिवस सुरू होतो. तो शाळेत कसा जाईल? ब्रेल कोण शिकवेल? बरोबरीची पोरं खेळायला घेतील का? सासूबाई ‘बिचारा’ म्हणून उसासल्या. माझ्या लेकीने मात्र विचारलं, ‘‘आई, मग तो अभ्यास कसा करणार गं?’’ सासूबाईंच्या उशाशापेक्षा मला तो प्रश्न जास्त मोलाचा वाटला. दृष्टी जाणं म्हणजे सगळंच संपणं, असं आपल्याला वाटतं, म्हणून आपण रडतो. दृष्टीविना शिकणारी, नोकरी-संसार करणारी माणसं आपल्या आजूबाजूला असतात. त्यांना आपलं हे रडणं कसं वाटत असेल?

‘‘एका चित्रपटाने काय काय करायचं?’’ असं आमच्या घरी मला ऐकवण्यात आलं. तेही खरंच. चित्रपट म्हणजे काही आरोग्यखात्याचं पत्रक नव्हे. तरीही या निमित्ताने एक गोष्ट आईबापांच्या कानावर घालावीशी वाटते. हा आजार बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. डोळ्याच्या बाहुलीत पांढरट चमक दिसणं ही त्याची मोठी खूण. कधी फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत ती नजरेस पडते, कधी मूल तिरळं पाहू लागतं. असं काही दिसलं, तर दृष्ट काढत न बसता ताबडतोब नेत्रतज्ज्ञ गाठावा. लवकर कळलं तर जीव वाचतोच, पुष्कळदा डोळा आणि नजरही वाचवता येते.

‘श्वास’ जरूर पाहा, मुलांनाही दाखवा. पण दिवा लागल्यावर लगेच उठू नका. मुलं काही विचारतील. ‘सिनेमाच तो’ म्हणून त्यांना गप्प करू नका. परशाचं पुढे काय झालं असेल, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवा. आमच्या घरी ते अजून ठरतंच आहे. लेकीच्या मते तो शिक्षक होणार!