रुपयातील चांदी आणि चांदीची चित्रवीट

गेल्या पावसाळ्यात बारदेशातील माझ्या आजोळच्या घराचे मागचे छप्पर बसले. वासे कुजले होते, कौले खाली आली होती, आणि दुरुस्तीस लागणारा पैसा कोणाच्याच हाती नव्हता. तेव्हा जुन्या पेटीच्या तळाशी असलेली आजीची पुरचुंडी बाहेर निघाली. तीत सतरा रुपये होते, आणि मऊ कागदात गुंडाळलेली, काड्यापेटीहून थोडी लहान व बरीच पातळ अशी चांदीची एक वीट होती. रुपये आजीने आयुष्यभर एकेक करून साठविलेले. वीट माझ्या मामांनी आणलेली. मामा तारवटी होते, म्हणजे परदेशी बोटीवर नोकरीस होते; १९७४ च्या नाताळापूर्वी अमेरिकेतील एका बंदरात त्यांनी ती विकत घेतली. विटेच्या एका अंगास तारा, गोठा आणि मेंढरे कोरली आहेत. दुसऱ्या अंगास वजन आणि कस.

"ही सगळी चांदीच आहे. तू डिचोलीच्या बाजूला असतोस, तिथल्या सोनाराकडे नेऊन मोडून टाक," असे मामींनी सांगितले, आणि पुरचुंडी माझ्याबरोबर आमोण्यास आली.

श्रोतेहो, आमोणे हे मांडवीकाठचे गाव. कच्चे लोखंड करणारा कारखाना गावातच असल्यामुळे आमच्या शाळेतील मुलांना लोखंडाविषयी चार गोष्टी ठाऊक असतात. चांदीच्या बाबतीत मात्र त्यांच्या मास्तरांचे ज्ञान बेताचेच होते. सोनाराने पुरचुंडी सोडली, रुपये एका ओळीत मांडले, पालथे घातले, पुन्हा उलटविले, आणि चार नाणी बोटाने बाजूस सारून तो म्हणाला, "मास्तर, ह्या सगळ्याला मी चांदी म्हणणार नाही. आधी साल वाचा, मग वजन करू."

त्याने सांगितल्याप्रमाणे आम्ही साले वाचली. १८८२ चे दोन, १९१२ चा एक, १९३५ चे तीन, १९४७ चे सात आणि १९५२ चे चार. सगळे पोर्तुगीज अमलातील गोव्याचे. १८८२ च्या रुपयावर राजा लुईश याचे मुख आहे. १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि त्यानंतर गोव्याचा रुपया ब्रिटिश हिंदुस्तानातील टांकसाळीत, तेथल्या रुपयाच्याच वजनाचा व कसाचा पाडला जाऊ लागला. ते वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी व एक भाग तांबे. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९१० साली पोर्तुगालात राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले, म्हणून १९१२ च्या रुपयावर राजा नाही, स्त्रीचे मुख आहे; वजन व कस मात्र पूर्वीचाच.

खरी गंमत पुढेच आहे. १९३५ चा रुपया १२ ग्रॅमचा, आणि त्यात चांदी सुमारे ११ ग्रॅम. १९४७ चा रुपयाही १२ ग्रॅमचाच; परंतु त्यात चांदी निम्मी, म्हणजे ६ ग्रॅम. आणि १९५२ चा रुपया तांबे व निकेल यांचा. त्यात चांदीचा कणही नाही. तिन्ही नाणी शेजारी ठेवली तर नवख्या माणसास धातूतला फरक दिसून येणार नाही. आजीला तर तो कधीच दिसला नसावा. तिच्या लेखी रुपया म्हणजे रुपया. भाजी विकून, शिवण करून जो हाती आला तो तिने गाठीस मारला. ज्या काळात ती म्हातारपणाची तजवीज म्हणून चांदी साठवीत होती, त्याच काळात त्या नाण्यांतून चांदी आधी निम्मी झाली व पुढे नाहीशी झाली, हे तिला कोणी सांगितले नाही. सतरा नाण्यांचे मिळून वजन भरले सुमारे २०३ ग्रॅम. हिशेब केला तेव्हा त्यात चांदी निघाली १०७ ग्रॅम.

ह्यात केवळ पोर्तुगिजांस दोष देण्यात अर्थ नाही. ब्रिटिश हिंदुस्तानच्या सरकारने आपल्या रुपयातील चांदी १९४० सालीच निम्म्यावर आणली होती आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया काढला. अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने लहान नाण्यांतून चांदी काढून टाकली. अर्ध्या डॉलरात थोडी राहिली, तीही १९७० नंतर गेली. नाण्यात चांदी दर्शनी किमतीहून अधिक मोलाची झाली की लोक ती वितळवितात, म्हणून सरकार ती काढून घेते. जगात सर्वत्र हेच घडले.

मामांच्या विटेचे मूळ नेमके इथे आहे. अमेरिकेतील लोकांना चांदीची सवय होती. चांदीच्या मोबदल्याचे वचन असलेल्या कागदी नोटा तेथे होत्या; त्या देऊन चांदी घेण्याची सोय २४ जून १९६८ रोजी संपली. सोने घ्यावे तर १९३३ पासून सोन्याच्या लगडी खाजगी माणसाने बाळगण्यास बंदी, आणि ती उठली १९७४ च्या अखेरीस. नाण्यात चांदी नाही, सोन्यास मनाई. अशा वेळी पदके पाडणाऱ्या खाजगी टांकसाळींनी एक औंस चांदीच्या पातळ विटा काढल्या व त्यांवर चित्रे उठविली. नाताळ, मातृदिन, जुन्या मोटारी, आगगाड्या, राष्ट्राध्यक्ष, जे म्हणाल ते चित्र. १९७३ व १९७४ ही त्या हौसेच्या भरतीची वर्षे. शेकडो प्रकारच्या विटा निघाल्या आणि त्यांच्या क्रमांकवार सूचीची पुस्तकेही छापली गेली. अशा विटेस कोणत्याही सरकारचे वचन नसते. ती स्वतःच आपले वजन व कस सांगते.

तिच्यावरचा औंस मात्र आपल्या ओळखीचा नव्हे. मौल्यवान धातूंचा ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा असतो. किराणा तोलण्याचा औंस २८.३५ ग्रॅमचा. आणि .९९९ म्हणजे हजार भागांत ९९९ भाग चांदी. आपल्या रुपयाच्या मानाने ही चांदी मऊ, कारण तिला घट्टपणा देणारे तांबे तीत नाही. नखाने नव्हे, पण किल्लीने सहज ओरखडा उठतो.

आता किमतीकडे वळू. सोनार देतो ती धातूची किंमत. शुद्ध चांदीचे वजन गुणिले त्या दिवसाचा भाव, वजा गाळण्याची घट. ही किंमत कोणीही घरी काढू शकतो, आणि दुकानात जाण्यापूर्वी काढावीच. हिच्यावर आणखी एक किंमत असते, ती संग्राहकाची. ती तीन गोष्टींवर ठरते: त्या ठशाचे नग आज किती उरले आहेत, हाती असलेला नग कोणत्या स्थितीत आहे, आणि तो हवा असणारे लोक किती आहेत. ह्यांतली तिसरी गोष्ट विकणारे नेहमी विसरतात. दुर्मिळ पण कोणासही नको असलेली वस्तू धातूच्याच भावाने जाते. नाताळाच्या विटा दरवर्षी भरपूर निघाल्या, म्हणून त्यांपैकी बहुतेकींना चांदीच्या भावाहून थोडेच अधिक मिळते. १८८२ चा रुपयाही पुष्कळ पाडला गेला होता. घासलेल्या प्रतीस कोणी फारसे अधिक देत नाही.

नग किती उरले, हा प्रश्न चमत्कारिक आहे. विटा काढणाऱ्यांनी किती काढल्या ते पुष्कळदा छापून ठेवले. पण तो आकडा आज निरुपयोगी झाला आहे. १९७९ च्या आरंभी चांदीचा भाव औंसास सुमारे ६ डॉलर होता. टेक्सासातील हंट बंधूंनी चांदीची प्रचंड खरेदी चालविली आणि जानेवारी १९८० मध्ये भाव ५० डॉलरच्या उंबरठ्यावर गेला. लोकांनी घराघरांतून चमचे, पदके, नाणी आणि ह्या चित्रविटा काढून मुशीत घातल्या. २७ मार्च १९८० रोजी भाव कोसळला व ११ डॉलरच्या खाली आला. तोपर्यंत किती ठसे किती प्रमाणात वितळले, ह्याची नोंद कोणीच ठेवली नाही. म्हणून छापील आकडा ही केवळ वरची मर्यादा. दहा हजार काढलेल्या विटांपैकी शंभर उरल्या असतील किंवा नऊ हजार. २०२५ च्या ऑक्टोबरात चांदीने ५० डॉलरची ती जुनी पायरी ओलांडली, तेव्हा मुशी पुन्हा तापल्या असतील ह्यात मला शंका नाही. आमच्या मामींनीही तेव्हाच भावाची चौकशी सुरू केली होती.

विकत घेणाऱ्याने तर अधिक जपावे. पितळेवर चांदीचा मुलामा दिलेल्या विटा आज सर्रास मिळतात. काहींवर कसाचा .९९९ हा आकडा असतो, पण त्याच्या आधी 'शंभर मिल' असे शब्द असतात. तो कस मुलाम्याचा असतो, विटेचा नव्हे. लोहचुंबक येथे कामास येत नाही, कारण पितळ, तांबे व जर्मन सिल्व्हर यांनाही तो ओढत नाही. आणि जर्मन सिल्व्हर नावाच्या धातूत चांदी मुळीच नसते. तांबे, निकेल व जस्त यांचे ते मिश्रण. कानसीने कस पाहावा तर वस्तू बिघडते.

त्यापेक्षा पाण्याची परीक्षा उत्तम. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा काटा घ्यावा. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. मग वीट बारीक दोऱ्याने बांधून, पेल्याच्या तळास वा कडेस न लागता, पूर्ण बुडेल अशी पाण्यात लोंबती धरावी. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घन सेंटिमीटर विटेचे आकारमान. विटेच्या वजनास त्या आकड्याने भागावे. शुद्ध चांदीचे उत्तर १०.५ च्या जवळ येते. मामांच्या विटेने २.९७ दाखविले, ३१.१ भागिले २.९७ म्हणजे १०.४७. पितळेचे उत्तर साडेआठच्या आसपास येते. वजन तेच ठेवून पितळेची वीट करावयाची तर ती जाड करावी लागते, म्हणून जाडी मोजणे हीदेखील एक परीक्षाच होय.

स्थितीविषयी बोलायचे तर मला थोडे ओशाळल्यासारखे होते. आमच्या घरी दर सणाला चांदी घासण्याची रीत होती. चिंच आणि राख घेऊन आई बसे, आणि आम्ही मुले चढाओढीने रुपये चकचकीत करीत असू. हवेतील गंधकाने चांदीवर काळसर थर धरतो. तो घासताना थराबरोबर चांदीही जाते. लुईश राजाची दाढी आम्हीच पुसून टाकली. संग्राहकास तो काळा थर चालतो, घासल्याचे ओरखडे चालत नाहीत. दुसऱ्या १८८२ च्या रुपयास कोणीतरी गळ्यात घालण्यासाठी कडी डाखली होती. तोही संग्राहकाच्या दृष्टीने गेला. वीट मात्र कागदात राहिल्यामुळे वाचली. रबराची दोरी, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद यांचा सहवास चांदीस मानवत नाही. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत तिच्यावर हिरवट चिकटा येतो. आपल्या दमट हवेत कोरडी डबी आणि आम्ल नसलेला कागद, एवढे पुरे.

परदेशी असलेल्या नातलगांना जुने नाणे भेट पाठविण्याची हौस आपल्याकडे आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी माणसास देशाबाहेर पाठविता येत नाही, हे ध्यानात असावे. १९१२ चा आमचा रुपया त्या मर्यादेपलीकडे केव्हाच गेला आहे. जुनी नाणी ओळखून घ्यावयाची असतील तर नाशिकजवळ आंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आहे, आणि मुंबईस रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. दहा मिनिटांत दर सांगणाऱ्या माणसापेक्षा तेथे घालविलेला एक दिवस मला अधिक उपयोगी वाटतो.

शेवटी काय केले, असे आपण विचाराल. मामींना मी कागदावर हिशेब मांडून दाखविला. १९४७ चे सात आणि १८८२ चे दोन रुपये मोडले; त्यात ६३ ग्रॅमच्या वर चांदी होती आणि तिचे पैसे सोनाराने चोख दिले. छपराच्या खर्चास ते पुरले नाहीत. उरलेले मी माझ्या ठेवीतून घातले. १९३५ चे तीन, १९१२ चा एक आणि वीट ठेवून घेतली. वीट मोडू नये असा आग्रह माझा नव्हता. "तेवढी नको," असे मामीच म्हणाल्या आणि त्यांनी ती कागदासकट परत पेटीत ठेवली.

१९५२ चे चार रुपये सोनाराने घेतले नाहीत. ते मी शाळेत नेले. सातवीच्या मुलांनी प्रयोगशाळेतील काट्यावर पाण्याची परीक्षा केली. १९३५ च्या रुपयाने १.१६ दाखविले, १९५२ च्या रुपयाने १.३५. एका मुलीने विचारले की ह्या दोघांत त्या वेळी बाजारात अधिक काय येत होते. मी म्हटले, दोन्हींना सारखेच. तिने वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि तिसरा रुपया दोऱ्यास बांधावयास घेतला.