ओतीव की घडीव?

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. इंजिनाबद्दल बोलायचा तुम्हाला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर मी माझ्या मामूंकडं बोट दाखवीन. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी त्यांचं गॅरेज होतं. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. ‘ओतीव’ आणि ‘घडीव’ हे शब्द पुढं कॉलेजात मूर्तींच्या आणि कवितेच्या संदर्भात भेटले. पण पहिल्यांदा ऐकले ते या गॅरेजात, क्रँकशाफ्टबद्दल.

इंजिन खोललं आणि क्रँक गेलेली निघाली, की मालकापुढं प्रश्न उभा राहतो. दुसरी घालायची ती ओतीव की घडीव? ओतीव स्वस्त, घडीव महाग. बहुतेक वेळा निर्णय खिसाच करतो. तो खरं तर कशावरून करावा, एवढंच आज सांगायचं आहे.

सायकल चालवताना तुमचा गुडघा वर-खाली होतो आणि चाक गोल फिरतं. ही किमया पायडलच्या दांड्याची. इंजिनात गुडघ्याच्या जागी पिस्टन असतो आणि त्या दांड्याच्या जागी क्रँकशाफ्ट. फरक आहे तो जोराचा. डिझेल इंजिनाचा पिस्टन नऊ सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर जळणाचा भडका उडतो त्या क्षणी त्याच्यावर पाच टनांच्या आसपास जोर येतो. मिनिटाला २५०० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात असे दणके तासाला ३ लाख बसतात. प्रत्येक दणक्याला क्रँक किंचित वाकते, पिळवटते आणि पुन्हा सरळ होते. तार एकदा वाकवली तर तुटत नाही; वाकवतच राहिलं की तुटते. क्रँकही सहसा एका दणक्यानं मोडत नाही. ती थकून मोडते.

आता तिच्या दोन जाती पाहू. ओतीव क्रँक म्हणजे वितळलेला रस साच्यात ओतून केलेली. ओतकाम म्हटलं की आपल्याला बीड आठवतं. बिडाचा तवा हातातून निसटला तर त्याचे दोन तुकडे होतात, हे घराघरांत ठाऊक आहे. साध्या बिडात कार्बन पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे आतल्या आत पडलेली चीरच. १९४३ साली अमेरिकेत कीथ मिलिस यांना असं आढळलं, की रसात थोडं मॅग्नेशियम घातलं तर हाच कार्बन बारीक गोळ्यांच्या रूपात बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली मोहरी सांडल्यासारखी दिसते. गोळीला टोक नसतं, म्हणून चिरेला सुरुवात करायला जागा कमी मिळते. बाजारात याला एसजी आयर्न म्हणतात. आजच्या ओतीव क्रँका बहुतेक याच धातूच्या असतात आणि पेट्रोलच्या असंख्य मोटारी त्यांच्या जोरावर बिनतक्रार धावतात. तेव्हा ओतीव म्हणजे तकलादू, हा समज आधी काढून टाकला पाहिजे.

घडीव क्रँकची तऱ्हा वेगळी. पोलादाची कांब सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि पोलादी साच्यांमध्ये प्रचंड दाबानं किंवा घणाच्या घावांनी तिला आकार देतात. आकार वळतो तसा पोलादाच्या आतला धागाही वळतो. जुने सुतार नांगरासाठी बाभळीचं मुळातच वाकडं लाकूड शोधायचे, ते याच कारणानं. सरळ लाकूड तासून बाक काढला तर धागा मध्येच कापला जातो आणि नेमका तिथंच नांगर मोडतो.

दुसरा फरक ताण सोसण्याचा. एसजी आयर्नची ७००/२ नावाची जात आहे. त्यातला २ हा आकडा सांगतो, की तुटण्यापूर्वी हा धातू किमान दोन टक्के ताणला जावा. पाणी देऊन तयार केलेलं ईएन १९ पोलाद त्याच्या कितीतरी पट ताणतं. म्हणून अवचित आलेला मोठा धक्का घडीव क्रँक एखादवेळी वाकून सोसते. ओतीव तिथं तडकते.

या दोन्ही कला आपल्या घरच्याच आहेत. कोल्हापूर, शिरोलीकडच्या फौंड्र्यांत रस ओतला जातो; पुण्यात मुंढव्याला, १९६१ साली स्थापन झालेल्या भारत फोर्जच्या कारखान्यात क्रँका घडवल्या जातात.

दुकानात ओळखायची कशी? साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथली खूण बघायची. ओतीव क्रँकवर बारीक उठावदार रेघ असते. घडीव क्रँकवर जादा पोलाद छाटून काढल्याचा रुंद पट्टा असतो. मामू मात्र कानानं ओळखत. क्रँक दोरीला टांगायची आणि हातोडीचा हलका ठोका द्यायचा. घडीव असली तर घंटेसारखी घुमते. ओतीव ‘टक्’ म्हणून गप्प होते.

१९९०च्या दशकातली गोष्ट. आमच्या गावच्या एका वडापवाल्याच्या जीपची क्रँक मोडली. जीपवर बँकेचं कर्ज होतं, हप्ता तोंडावर होता. त्यानं स्वस्तातली ओतीव क्रँक आणली. मामूंनी ठोका मारला आणि मान हलवली.

“मिस्त्री, लोखंड ते लोखंड! त्यात काय एवढं?” तो म्हणाला.

“बिडाचा तवाबी लोखंडच हाय की. टाक बघू खाली!” मामू म्हणाले.

कंपनीनं त्या इंजिनाला घडीव क्रँक दिलेली होती. त्यातून हा गडी पंपाचं डिझेल वाढवून, टपापर्यंत माणसं भरून घाट चढायचा. शेवटी मामूंनीच एक जुनी घडीव क्रँक शोधली आणि एका वर्कशॉपात ग्राइंडिंग करून आणली. ठोका मारला, खणखणीत वाजली. बसवली. चार महिन्यांत तीही मोडली, घाटात, माणसं भरलेली असताना. गाडी चढणीला हळू होती म्हणून कुणाला खरचटलंही नाही. वडापवाल्याचा मात्र ऐन जत्रेचा हंगाम बुडाला.

मामूंनी ते तुकडे मला दाखवले. मोडलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेघा होत्या, एकीपुढं एक. चीर रोज थोडी थोडी सरकली होती, त्याची ती नोंद. सगळ्या रेघा एका कोपऱ्यातून निघाल्या होत्या. क्रँकची पिन जिथं बाजूच्या भिंतीला मिळते, तिथं गोलाई ठेवावी लागते. ग्राइंडिंग करणाऱ्यानं ती काटकोनात उडवली होती. ताण असा धारदार कोपऱ्यातच गोळा होतो. “ठोका ऐकला, पन कोपरा बघितला न्हाई,” मामू म्हणाले. दुसऱ्या क्रँकचा खर्च त्यांनी स्वतः सोसला. त्यानंतर गोलाई मोजायचा गेज त्यांच्या खिशातून कधी हलला नाही.

म्हणून निवड करताना पहिला नियम हा, की कंपनीनं जी जात दिली आहे तिच्या खाली उतरू नये. ट्रक, ट्रॅक्टर, टर्बो बसवलेलं डिझेल, सतत ओझं ओढणारी गाडी, तिथं घडीवच. मूळ क्रँक ओतीव असेल आणि इंजिनाची ताकद वाढवायची नसेल, तर चांगली ओतीव पुरते. विहिरीवरचं लिस्टर धर्तीचं इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेतं. दणके तासाला १९,५००. अशा इंजिनाला घडीव क्रँक हवी म्हणून हटून बसलेल्या एका शेतकऱ्याला मामूंनी सांगितलं होतं, “ओतीव घाला, आनि उरल्या पैशात पाइप घ्या.”

दुसरा नियम जातीपलीकडचा. क्रँक जुनी असेल तर चुंबकीय तपासणी करून चीर नाही ना ते पाहावं. पृष्ठभाग नायट्रायडिंगनं कठीण केलेला असेल तर तो थर पातळ असतो. ग्राइंडिंगमध्ये निघून गेला तर पुन्हा चढवावा लागतो. एका जातीच्या जागी दुसरी बसवली तर वजन बदलतं, कारण एसजी आयर्न पोलादापेक्षा सुमारे दहा टक्के हलकं असतं. तेव्हा बॅलन्सिंग करून घ्यावं. आणि तेलाची वाट चोंदलेली राहिली तर ओतीव काय न् घडीव काय, दोन्ही सारख्याच जातात.

क्रँक घ्यायला जाल तेव्हा ठोका जरूर मारा. मग कोपऱ्यावरून एकदा नख फिरवा. नख अडलं, तर ती क्रँक दुकानातच राहू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)